पगारपत्रकातले दोनशे रुपये आणि विसापूर

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकात कपातीच्या रकान्यात एक ओळ असते: पी.टी., २०० रुपये. फेब्रुवारीत तेच ३०० होतात आणि वर्षाचे अडीच हजार बरोबर जुळतात. पीएफचा हिशेब आपण काढतो, टीडीएसवरून सीएचं डोकं खातो, पण पी.टी.कडे कुणी ढुंकूनही बघत नाही. रक्कमच तेवढी. हा व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ साली आला, तो मुळात खेड्यातल्या मजुराला काम देण्यासाठी पैसा उभा करायचा म्हणून. त्याचा माग काढत मागं मागं गेलं, तर सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर नावाच्या गावाशी येऊन थांबावं लागतं.

हे प्रकरण आहे विधिमंडळाच्या एका सदस्याचं, वि. स. पागे यांचं, आणि त्यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेचं. लोकप्रतिनिधीनं लोकांची गरज ओळखून काम केलं, असं आपण सहज म्हणतो. त्यात नेमकं काय काय करावं लागतं, वेळ किती जातो आणि कुठं काय निसटतं, ते बघायला महाराष्ट्रात याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

खुर्ची मोठी, हातात काही नाही

पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातलेच, पेशानं वकील, गांधीविचारातले. सभापतीची खुर्ची मानाची असते, पण अडचणीचीही. मंत्र्यासारखं खातं नाही, फाइलवर शेरा मारायचा अधिकार नाही. साधा सदस्य उठून तावातावानं बोलू शकतो, लक्षवेधी मांडू शकतो, मंत्र्याला तारांकित प्रश्नावर घेरू शकतो. सभापतीनं हे सगळं दुसऱ्यांना करू द्यायचं आणि आपण वेळ बघायची. मतसुद्धा द्यायचं ते समसमान मतं पडली तरच. आमदार निधी हा प्रकार तेव्हा नव्हता. म्हणजे गावात समाजमंदिर बांधून दारावर संगमरवरी पाटी लावायचीही सोय नाही.

जिल्ह्याचं चित्र तर डोळ्यासमोर होतं. पश्चिमेला कृष्णा-वारणेचं पाणी आणि ऊस. तिथून पूर्वेला सरकावं तसा पाऊस आटत जातो. तासगावपासून पुढं कवठे महांकाळ, जत, आटपाडीकडे गेलं की जिरायत रानं आणि उघडी माळरानं. सुगी संपली की भूमिहीनाला आणि दोन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला जूनपर्यंत हाताला काम नाही. मग उसाच्या पट्ट्यात जायचं, मुंबईची गाडी धरायची, नाहीतर सावकाराच्या ओट्यावर बसायचं.

अशा भागातल्या पुढाऱ्याच्या घरी सकाळी काय चालतं, हे ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको. ओसरीवर माणसं बसलेली असतात. "साहेब, पोराला कुठंतरी चिकटवा." "साहेब, एवढी चिठ्ठी द्या." चिठ्ठी मिळते, माणूस खूश होऊन जातो, काम होतं किंवा होत नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत माणूस बांधलेला राहतो, एवढं मात्र नक्की. ही पद्धत आजही चालू आहे आणि तिच्यावर कितीतरी कारकिर्दी उभ्या आहेत.

विसापूरचा प्रश्न

पाग्यांनी चिठ्ठी देण्याऐवजी एक प्रश्न धरला: गावात जो कुणी येऊन "मला काम द्या" म्हणेल, त्या प्रत्येकाला शासनानं काम द्यायचं ठरवलं, तर काय होईल? किती माणसं येतील, कुठल्या महिन्यात येतील, आणि खर्च किती येईल?

शासनाच्या दृष्टीनं हा धोकादायक प्रश्न होता. 'मागेल त्याला काम' असं तोंडानं म्हणायचं आणि उद्या अख्खा जिल्हा रांगेत उभा राहिला तर? ही भीती कोणत्याही वित्त सचिवाला वाटली असती आणि त्यात त्याचं काही चुकलं नसतं. भाषणानं ती जाणार नव्हती. म्हणून आधी एका गावात करून बघायचं ठरलं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. १९६५ च्या सुमारास विसापुरात प्रयोग सुरू झाला.

त्यातली मेख अशी, की कुणाला घ्यायचं आणि कुणाला वगळायचं हे ठरवायला कुणाची गरजच ठेवली नव्हती. उत्पन्नाचा दाखला नाही, गरिबांची यादी नाही, सरपंचाची शिफारस नाही. काम अंगमेहनतीचं, उन्हातलं, मजुरी बेताची. ज्याच्या घरात दाणे आहेत तो टिकाव घेऊन माळावर कशाला जाईल? शेतात खुरपणी-काढणी असेल तेव्हा माणूस तिकडे जाणार, नसेल तेव्हा इकडे येणार. पुढं योजना राज्यभर झाल्यावर हेच दिसलं. एप्रिल-मे-जूनला हजेरी चढायची, पाऊस लागला की उतरायची. यादी करणारा माणूस मध्ये नसल्यानं यादीतली लबाडीही नव्हती. लबाडी पुढं आली ती हजेरीपत्रकातून, पण ते नंतर.

प्रयोग विसापुरावर थांबला नाही. १९६९ साली एकात्मिक क्षेत्रविकासाची पथदर्शी योजना सुरू झाली, तिच्यात रोजगाराची हमी हा एक भाग म्हणून घेतला गेला. १ मे १९७२ ला शासनाच्या पंधरा कलमी कार्यक्रमात रोजगार हमी योजना राज्याच्या ग्रामीण भागासाठी जाहीर झाली. विसापूर ते राज्य, सात वर्षं. आजच्या घाईत हा काळ फार वाटतो. मला तो कमीच वाटतो.

बहात्तरचा दुष्काळ

योजना जाहीर झाली आणि पाऊस आलाच नाही. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ज्यानं ऐकलं नसेल असा मराठी माणूस विरळा. लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी, मुलांना मिळणारी सुकडी, छावणीतली जनावरं आणि खडी फोडणं. बाईमाणूस गोणपाटाच्या तुकड्याच्या सावलीत मांडी घालून बसायची, पुढ्यात धोंडा, हातात हातोडी. डोळ्यात कपची जाऊ नये म्हणून तोंड बाजूला वळवून मारायची सवय लागायची, आणि ती सवय काम सुटल्यावरही काही दिवस जायची नाही, असं माझी आजी सांगायची. संध्याकाळी मुकादम खडीचा ढीग मापून नेणार, त्यावर आठवड्याचा पगार.

मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, शेतांच्या ताली. नव्या योजनेचं स्वतंत्र असं काही त्या गर्दीत उरलं नाही, दुष्काळी कामांच्या पोटात ती जिरून गेली. पण दोन गोष्टी सिद्ध झाल्या. मोठ्या संख्येनं लोकांना काम देणं महाराष्ट्राच्या यंत्रणेला जमतं, ही पहिली. दुसरी मुंबईकरांना कळली: खेड्यात काम नसलं की खेडं फुटपाथवर येऊन झोपतं.

इथं प्रकरणाला खरं वळण मिळतं. दुष्काळी कामांची आपल्याकडची रीत जुनी. आणेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या खाली गेली की दुष्काळ जाहीर व्हायचा, मग कामं निघायची, आणि पहिला चांगला पाऊस पडला की बंद व्हायची. त्यामुळे आमदार आणेवारीवरून भांडायचे. माझ्या तालुक्याची बेचाळीस लावा, त्याच्या तालुक्याला अठ्ठेचाळीस कशी लावली, आणि असंच सगळं. पाग्यांच्या कल्पनेत आणेवारीला जागाच नव्हती. चांगल्या पावसाच्या वर्षीही मार्च महिन्यात भूमिहीनाच्या घरी चूल पेटायची पंचाईत असते, आणि तिची नोंद कुठल्याच आणेवारीत होत नाही. गरज कधी निर्माण झाली हे कलेक्टरनं जाहीर करायचं नाही, मजुरानं अर्ज करून सांगायचं. प्रशासनाच्या अंगवळणी पडलेल्या सगळ्या कारभाराच्या हे उलटं होतं.

पैसा आणि कायदा

पावसाळा आला, दुष्काळी कामं आटोपली. दरवर्षी अंदाजपत्रकात जे उरेल त्यातून हमी देतो म्हटलं, तर ती हमी राहत नाही. म्हणून १९७५ साली कर बसले. नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर, विक्रीकर आणि मोटार वाहन कर यांवर अधिभार, बागायत जमिनीवर, जमीन महसुलावर असे. यातून जेवढं जमेल तेवढीच रक्कम शासनानं आपल्या तिजोरीतून घालायची, असा नियम झाला.

या कराच्या राजकारणावर फारसं कुणी बोलत नाही. दादर-गिरगावच्या नोकरदारानं, ठाण्याच्या कामगारानं तासगाव-भूम-परांड्याच्या मजुरासाठी पैसे द्यायचे, आणि शहरी आमदारांनी त्याला हात वर करायचा. केला. आज असा कर मांडून बघा.

१९७७ मध्ये विधेयक आलं. तोवर मुख्यमंत्री बदलले होते. नाईकांनंतर शंकरराव चव्हाण, त्यांच्यानंतर वसंतदादा पाटील, म्हणजे पुन्हा सांगलीच. दोन्ही सभागृहांनी ते एकमतानं मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती १९७८ मध्ये मिळाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलात आला, तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते. चार मुख्यमंत्री, मध्ये आणीबाणी, काँग्रेसची फूट, सत्तांतर. एवढ्या धबडग्यात कल्पना वाहून गेली नाही. एखाद्या मंत्र्याची 'महत्त्वाकांक्षी योजना' असती तर पहिल्याच खांदेपालटात फाइल बंद झाली असती. खुर्चीवर पक्षातीत माणूस असल्याचा इथं फायदा झाला, असं माझं मत आहे. योजनेवर कुणा एकाचा शिक्का नव्हता, त्यामुळे ती मोडण्यात कुणाला मजा नव्हती.

कायदा वाचायला रूक्ष आहे, पण त्याची रचना घट्ट आहे. ग्रामीण भागातल्या अठरा वर्षांवरच्या कुणालाही अंगमेहनतीचं काम मागायचा हक्क. नमुना नं. ४ मध्ये मागणी द्यायची. १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता, दिवसाला किमान एक रुपया. नवं काम काढायला निदान पन्नास मजूर हवेत. खर्चात मजुरीचा वाटा किमान ६० टक्के, म्हणजे सिमेंट-लोखंडात पैसा मुरायला नको. कंत्राटदार नको. कामावर पिण्याचं पाणी, सावली, लहान मुलांसाठी पाळणाघर. बाई आणि पुरुष, मोजमापाप्रमाणे सारखाच दाम. कामांवरच्या मजुरांत बायांचं प्रमाण मोठं राहिलं, त्याचं एक कारण हे शेवटचं कलम.

पंधरा दिवसांत काम द्यायचं तर ते आधी तयार असावं लागतं. म्हणून प्रत्येक तालुक्यात कामांचे आराखडे करून, मंजुऱ्या घेऊन ठेवायच्या. सरकारी बोलीत याला 'शेल्फवरची कामं' म्हणतात. मागणी आली की तहसीलदारानं शेल्फवरून काम उतरवायचं आणि पाटबंधारे, बांधकाम, कृषी किंवा वन खात्याकडे सोपवायचं. ज्या तालुक्यात शेल्फ भरलेलं असायचं तिथं योजना चालायची. जिथं रिकामं, तिथं मजूर तहसील कचेरीच्या लिंबाखाली बसून राहायचे.

आमदारानं त्याच्या तालुक्यात या योजनेसाठी करायचं काम म्हणजे मुख्यतः एवढंच: शेल्फ भरलेलं आहे का बघायचं. उद्घाटनाला यात काहीच नसतं. विधिमंडळाची दोन्ही सभागृहांची रोजगार हमी योजना समिती जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन कामं तपासते, अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावते, तेही याच जातीचं काम. वृत्तपत्रात त्याची बातमी आतल्या पानावर, तीही समितीच्या जेवणावळीवरून काही बोभाटा झाला तर.

चिठ्ठीची गरज संपते तेव्हा

या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की पाग्यांनी जी सेवा उभी केली तिच्यासाठी आमदाराच्या दारात जावंच लागत नाही. अर्ज ग्रामसेवकाकडे, हक्क कायद्यात, पैसा वेगळ्या निधीत. ज्या वर्गानं ओसरीवर सगळ्यात जास्त वेळ बसायचं, त्याच वर्गाला ओसरीपासून सोडवलं. लोकप्रतिनिधीच्या दृष्टीनं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. आज आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, पेव्हर ब्लॉकपासून हायमास्टपर्यंत सगळ्यावर 'यांच्या निधीतून' असं लिहिता येतं. रोजगार हमीच्या पाझर तलावावर कुणाचंच नाव नसतं.

अर्थात सगळं गोड नाही. पाझर तलावाचं पाणी ज्याच्या विहिरीला लागलं तो आधीच जमीनवाला. तलाव खणणाऱ्या भूमिहीनाला मजुरीपलीकडे काही मिळालं नाही. ही टीका सुरुवातीपासून झाली आणि ती खरी आहे. पुढं १९९० पासून फळबाग लागवड योजनेला जोडली, त्यातून कोरडवाहू शेतकऱ्याच्या रानात आंबा, डाळिंब, बोर उभं राहिलं. ज्याच्याकडे रानच नाही त्याचं गणित तिथंही सुटलं नाही.

हजेरीपत्रकावर गावात नसलेल्या माणसांची नावं चढली. कधी कधी वारलेल्यांचीही. खड्डे मोजायला मध्ये मातीचा उंचवटा तसाच सोडायचा असतो, त्यावरून खोली कळते. त्याच्या माथ्यावर भर टाकून खोली वाढवण्याची कलाही लवकरच अवगत झाली. आपल्याकडे या कलेला शाळा लागत नाही.

सगळ्यात मोठी मेख मजुरीच्या दरात होती. दर कमी, म्हणून गरजूच येतो, हे विसापूरचं गणित. पण कमी म्हणजे किती? शासनानेच किमान वेतनाच्या खाली मजुरी द्यायची का? १९८८ मध्ये किमान वेतन दुपटीनं वाढलं, सहाचे बारा रुपये झाले, आणि योजनेची मजुरीही वाढली. मजुराच्या दृष्टीनं हे न्यायाचंच होतं. पण त्यानंतर दोनेक वर्षांत मनुष्यदिवस (एका माणसाचं एका दिवसाचं काम म्हणजे एक मनुष्यदिवस) जवळपास निम्म्यावर आले. १९७९-८० मध्ये वर्षाला २० कोटींच्या घरात असलेला आकडा दहा कोटींच्या खाली गेला. कागदावर हमी तीच होती, पण नवी कामं काढताना हात आखडता घेतला गेला, शेल्फवरून कामं उतरेनात. मजूर आपणहून कमी आले, का त्यांना येऊ दिलं नाही, यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय. माझ्या मते दुसरं. मजुरी वाढल्यावर मागणी घटते, हे कुठल्याच गावात ऐकलेलं नाही.

आणि पी.टी. कापली जात राहिली. १९८८ च्याच घटनादुरुस्तीनं तिची कमाल मर्यादा वर्षाला २५० वरून २५०० रुपये केली. निधीत जमा होणारी रक्कम आणि कामांवर होणारा खर्च यांच्यातलं अंतर वाढत गेलं.

दिल्लीला गेल्यावर

२००५ साली केंद्रानं राष्ट्रीय रोजगार हमी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा जवळपास तीस वर्षांचा अनुभव टेबलावर होता. केंद्राच्या त्या कायद्यात कुटुंबामागं वर्षाला १०० दिवस होते. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांना मर्यादा नव्हती आणि हक्क कुटुंबाचा नव्हता, माणसाचा होता. नवऱ्यानं शंभर दिवस भरले म्हणून बायकोचा हक्क संपत नव्हता. राज्यानं २००६ मध्ये आपला कायदा दुरुस्त करून केंद्राशी जुळवून घेतला आणि शंभरच्या पुढचे दिवस राज्याच्या खर्चानं द्यायची तरतूद ठेवली. राष्ट्रीय योजनेवर बोलताना विसापूरचं नाव आता क्वचितच निघतं. खुद्द महाराष्ट्रातही.

नमुना नं. ४ मात्र टिकला. त्याच्या जोडीला नमुना नं. ५, म्हणजे तारखेची पोचपावती. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका ग्रामपंचायतीत बसलो होतो. दहा-बारा बाया आल्या, अर्ज भरलेले, अंगठे उठवलेले. ग्रामसेवकानं अर्ज घेतले, टेबलाच्या खणात सारले आणि "बघतो मी, फोन करतो" म्हणाला. बाकीच्या वळल्या. त्यातली एक वयस्कर बाई हलली नाही.

"भाऊसाहेब, पोच द्या."

"अगं मावशी, अर्ज घेतलाय ना तुझा."

"घेतलाय. पण तारीख टाकून द्या की. तारखेबिगर पंधरा दिवस मोजायचे कुठनं?"

तो हसला. पावतीपुस्तक संपलंय, म्हणाला. मग ती खालीच बसली, उंबऱ्याला टेकून, आणि वळलेल्या बाया एकेक करून तिच्या शेजारी येऊन बसल्या. तासाभरानं शिपाई शेजारच्या दुकानातून एक कोरी वही घेऊन आला.